भोंगेवाल्याचं माप

लोकरबाईंनी आयुष्यात एकही चूक केली नव्हती. हे त्यांच्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ होतं, कारण बाई ते प्रत्येकाला स्वतःच सांगत. बाही आखूड झाली तर गिऱ्हाइकाचा हात वाढलेला असे. गळा घट्ट बसला तर मान जाड झालेली असे. "मशीन चुकत नाही," बाई म्हणत. "तुम्ही मधल्या काळात काय काय जेवलात ते त्याला कुठून कळणार?" यावर गिऱ्हाईक खाली आपल्या पोटाकडे बघे, ओशाळं होई आणि पुष्कळदा त्याच भरात दुसऱ्या स्वेटरचं माप देऊन जाई. तक्रार घेऊन आलेला माणूस ऑर्डर देऊन परततो, असा धंदा फार थोड्यांना साधतो.

मशीन म्हणजे खरं तर दोन मशिनं. एक खिडकीपाशी मांडलेलं विणायचं, सुयांची लांबलचक रांग असलेलं. त्याची गाडी एकदा या टोकाकडून त्या टोकाला सरकवली की एक ओळ विणून होई. दुसरं कोपऱ्यातल्या टेबलावर, जुन्या टीव्हीला जोडलेला घरगुती कॉम्प्युटर. लोक मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेत आणि मुलं त्यावर दिवसभर विमानं पाडत, त्या काळातला. की-बोर्ड आणि पोट एकाच डब्यात. बाईंच्या मुलाची विमानं पाडून झाल्यावर मिस्टरांनी त्यावर बसून बायकोसाठी नक्षीचा प्रोग्राम लिहिला होता. मिस्टर गेले, मुलगा नोकरीपायी महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असे, प्रोग्राम मात्र जागच्या जागी होता.

त्याला छाती, उंची आणि बाही सांगायची, नक्षी निवडायची. मग तो ती नक्षी त्या अंगावर मोजून बसवी आणि प्रिंटर किरकिरत चौकटींचा लांब कागद बाहेर काढी. काळी चौकट दिसली की सुई पुढे ओढायची, रिकामी दिसली की राहू द्यायची. बाई कागदावर पट्टी ठेवत, ओळ वाचत, बोटांनी सुया ओढत, गाडी सरकवत आणि पट्टी एक घर खाली घेत. यात डोकं चालवायला त्यांची सक्त मनाई होती. "कागद सांगेल ते करायचं. डोकं घातलं की नक्षीत आपलं घराणं उतरतं," असं त्यांचं मत. स्वेटर तयार झाला की ज्या कागदावरून विणला त्याच कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हवाली. यामुळे कागद वाया जात नसे. पुरावाही घरात राहत नसे, पण हा दुसरा फायदा बाईंच्या कधी लक्षात आला नव्हता.

कॉम्प्युटरचा एकच दुर्गुण होता. तो सावकाश होता. एखाद्या आडव्या माणसाची नक्षी बसवायला घेतली की अख्खी सकाळ जाई. म्हणून बाईंच्या धाकट्या दिरांनी त्यात एक ॲक्सलरेटर कार्ड बसवून दिलं होतं. म्हणजे काय, तर म्हाताऱ्याच्या पोटात बसवलेला तरुण. त्याचा मेंदू स्वतःचा, मेमरी स्वतःची. बटण दाबलं की जुना मेंदू बाजूला सरकून बसतो आणि कारभार हा हातात घेतो. म्हाताऱ्याकडे उरतं ते दार उघडणं आणि आल्यागेल्याला पाणी देणं. अशी वाटणी पुष्कळ घरांत होते. बाईंच्या घरात ती फक्त कॉम्प्युटरच्या डब्यात झाली होती, बाहेरचा कारभार अजून बाईंकडेच होता.

तर अशा घरात एका सकाळी बँडमास्तर कापडी पिशवी घेऊन आला. बागेतल्या चौथऱ्यावर सुट्टीच्या दिवशी वाजवणाऱ्या बँडसाठी बाईंनी नुकतेच सगळ्यांचे स्वेटर विणून दिले होते. गडद निळ्यावर छातीभर हिरवा वेल, वेलाला पानं.

"बाई," बँडमास्तर म्हणाला, "तुमच्या पानांना कीड लागली."

त्याने भोंगेवाल्याचा स्वेटर पसरला. त्याला पसरायला टेबल पुरलं नाही. प्रत्येक पानाच्या देठात हिरव्याच्या जागी एक निळा टाका होता, वेल जणू कुणी मोजून कुरतडला होता.

"खिळ्याला अडकला असेल."

"प्रत्येक पानाला त्याच जागी? मोठा शिस्तीचा खिळा दिसतो. आणि ढोलवाल्याकडेही तोच खिळा आहे वाटतं." त्याने दुसरा स्वेटर काढला. "तळाशी बासरीवालीचा आहे. तिला बिचारीला एकाच ठिकाणी लागलीय कीड. ती काही बोलणार नव्हती, पण तिची आई बोलली."

बाईंनी तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, जिभेवर येऊन बसलेलं. मशीन चुकत नाही. आणि मग त्यांनी ते बाहेर न काढता गिळलं, कारण मशीन चुकत नसेल तर खोलीत दुसरं कोण होतं हे त्यांना एकदम दिसलं. इतकी वर्षं लोकांच्या अंगावर सोडलेलं वाक्य शेपूट हलवत घरी आलं होतं.

"ठेवून जा," त्या म्हणाल्या.

बँडमास्तर तासभर भांडायची तयारी करून आला होता. तो दारापर्यंत गेला आणि परत वळला.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?"

हाच प्रश्न संध्याकाळी सुनेने निराळ्या शब्दांत विचारला. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. दुसऱ्याच दिवशी ती सासूला दुकानात घेऊन गेली, उंच खुर्चीवर बसवलं, भिंगं बदलून बदलून अक्षरं वाचून घेतली. बाईंनी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा वाचली, आणि वर त्या तक्त्याच्या छपाईत एक अक्षर तिरकं आलंय तेही दाखवून दिलं.

"आई, डोळे एकदम छान आहेत तुमचे. या वयाला एवढे छान मी पाहिले नव्हते."

एवढी वाईट बातमी बाईंना पुष्कळ दिवसांत कुणी दिली नव्हती. संशय डोळ्यांवरून उठला तो चार बोटं वर जाऊन बसला.

सून मनाने वाईट नव्हती, हे तिच्या जमेला धरलं पाहिजे. पण हिशेब कुणी करायला बसत नाही, तो होत जातो. मागे एकदा बाईंची किल्ली दारालाच लटकत राहिली होती. भाचीला मुलगी झाल्याची बातमी त्यांनी दोनदा सांगितली होती, दुसऱ्यांदा पहिल्याइतक्याच उत्साहाने. तेव्हा यात कुणाला काही दिसलं नव्हतं. आता या गोष्टी आपोआप एकीखाली एक येऊन उभ्या राहिल्या, आणि खाली रेघ मारून बेरीज करायचं तेवढं बाकी राहिलं. सुनेने ते काम परक्या माणसावर सोपवलं.

"आई, सोमवारी जाऊन येऊ. स्मरणाचे डॉक्टर आहेत. चांगले आहेत म्हणतात. काही टोचत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात."

"कसले?"

"हेच, आज वार कोणता. शंभरातून सात सात वजा करत जा. असलं."

"माझ्या वजाबाकीचं काय लोणचं घालणार आहे तो?" बाई म्हणाल्या. पण मग भांडी आवरताना त्यांचे ओठ हलत होते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर.

शुक्रवारी त्यांनी दिरांना फोन लावला.

"भाऊजी, मशीन एकदा बघून जा."

"का, काय झालं?"

"काही नाही. चांगलं चाललंय."

"चांगलं चाललंय म्हणून मेकॅनिकला बोलावणारी गिऱ्हाईक मला नोकरीत असताना भेटायला हवी होती, वहिनी. आमच्याकडे लोक दोन मजल्यांच्या मध्ये लटकल्यावर फोन करायचे."

भाऊजी जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट दुसऱ्याच मेकॅनिककडे गेली, तेव्हापासून ते जिन्याने जात. गुडघे दुखत होते, पण तत्त्व शाबूत होतं. शनिवारी सकाळी ते हत्यारांची पेटी घेऊन आले, स्वेटर बघितले, देठांवरून बोट फिरवलं आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडायला बसले.

"मशीन चुकत असेल तर मला स्पष्ट सांगा," बाई म्हणाल्या.

"आणि चुकत नसेल तर?"

"तर परवा मला डॉक्टरकडे नेणार आहेत. डोक्याच्या."

भाऊजींच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. त्यांना एक विनोद सुचला होता तो त्यांनी ठेवून दिला. त्यांच्या मानाने हा मोठा त्याग होता.

"यंत्र दोषी निघावं म्हणून देव पाण्यात घालणारी मालकीण मी पहिल्यांदाच बघतोय," एवढंच ते म्हणाले, आणि कामाला लागले.

त्यांनी कार्ड उपसून काढलं. त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवलं, मग ब्रश. कार्डावर मेमरीच्या चिप्स आपापल्या खाचांत ओळीने बसल्या होत्या. गरम होऊन, गार होऊन अशा चिप्स वर्षानुवर्षं केसाकेसाने वर सरकत राहतात, झोपेतलं मूल पांघरुणातून सरकतं तशा. भाऊजींनी एकेकीला अंगठ्याने खाली दाबलं. एक दोन ठिकाणी कट् आवाज आला. त्यांनी वहिनींकडे अर्थपूर्ण पाहिलं. कार्ड परत बसवलं, मेमरी तपासायचा जुना प्रोग्राम लावला. टीव्हीवर आकडे धावले आणि शेवटी एकाखाली एक 'ठीक, ठीक, ठीक' अशी रांग उभी राहिली. मग त्यांनी वेलाची नक्षी छापून बघितली. एकूणएक देठ शाबूत.

"ठणठणीत!" भाऊजी सवयीने आनंदून म्हणाले, आणि मग त्यांना वहिनींचा चेहरा दिसला.

पेशंट ठणठणीत निघावा आणि नातेवाइकांनी मान खाली घालावी, असं काहीसं त्या खोलीत झालं. सून दारात उभी होती. ती "चहा टाकते" म्हणून आत गेली. 'बघा, मी म्हणत नव्हते' असं ती म्हणाली असती तर बाईंना भांडता तरी आलं असतं.

चहा आला. बोलणं थांबलेलं भाऊजींना सोसत नसे, बंद लिफ्टपेक्षाही कमी. म्हणून त्यांनी आपली ठेवणीतली गोष्ट काढली, जी या घराने इतक्या वेळा ऐकली होती की ती सुरू झाली की बाई मनातल्या मनात टाके मोजायला घेत.

"एका कचेरीत लिफ्ट बंद पडायची. मी जायचो, वरखाली करून बघायचो, काही नाही. लोण्यासारखी. माझी पाठ वळली की पुन्हा बोंब. शेवटी पहारेकरी म्हणाला, साहेब बसले की अडकते. साहेबांना घेऊन बसलो. आणि काय सांगू, तिसऱ्या मजल्यावर खर्रकन् घासली! साहेबांचं वजन हो. मी एकटा चढत होतो तेव्हा तिला काही होतच नव्हतं. तेव्हापासून मी पोरांना सांगायचो, रिकामी लिफ्ट कधीच बिघडत नाही. भरून बघा."

बाईंचे टाके मोजायचे राहिले होते.

"भाऊजी, तुम्ही आत्ता नक्षी छापलीत ती कुणाच्या मापाची?"

"कुणाच्या म्हणजे? अशीच. चार वर्षांच्या पोराची. उगाच कागद कशाला नासायचा."

"आणि भोंगेवाला?"

"तो कुठे मध्ये आला?"

"तो कुठे मध्ये मावतो? दारातून आधी भोंगा येतो, मग पोट येतं, मग थोड्या वेळाने तो येतो. त्याचा घेर अठ्ठेचाळीस. ढोलवाला सेहेचाळीस. ढोल वाजवून वाजवून एक खांदा खाली, म्हणून डावी बाही अर्धा इंच जास्त. झांजवाला चाळीस, क्लॅरिनेट अडतीस, पण मान लांब. दुसरं क्लॅरिनेट छत्तीस. त्याला सांगायचं चाळीस, नाहीतर रागावतो. बँडमास्तर बेचाळीस श्वास सोडून, माप देताना चाळीस. कीड कुणाला लागली? वरच्या दोघांना. झांजवाल्याची पानं अजून हिरवीगार आहेत."

स्वयंपाकघरात नळ चालू होता तो बंद झाला. सून कप हातात घेऊन दारात आली आणि सासूकडे बघत राहिली. बाईंच्या हातात चिठ्ठी नव्हती, समोर वही नव्हती. किल्ली आणि भाचीच्या मुलीसमोर सुनेला आज पहिल्यांदा दुसऱ्या बाजूला काहीतरी मांडावं लागलं, आणि तो आकडा मोठा होता.

भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"मी पण काय बैल आहे! अहो, हा तपासायचा प्रोग्राम कार्डाच्या आधीच्या काळातला. याला कार्ड घरात आलंय हेच ठाऊक नाही. तो जाऊन म्हाताऱ्याची नाडी बघून आला आणि मी तरुणाला निरोगी ठरवून मोकळा झालो. आणि पोराची नक्षी कार्डाच्या मेमरीत तळमजल्यावरच मावते. वरच्या मजल्यावर कुणी गेलंच नाही!"

"मग न्या की वर," बाई म्हणाल्या. "भोंगेवाल्याला बसवा."

भोंगेवाल्याचं माप घातलं. कार्डाने चहा निवायच्या आत नक्षी बसवली आणि प्रिंटरने कागद ओकायला सुरुवात केली. मग भाऊजींनी कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि तेच माप एकट्या म्हाताऱ्याला दिलं. म्हातारा बसला विचार करत. टीव्हीवर एक ठिपका लुकलुकत राहिला. भाऊजींनी पेटी आवरली, पुन्हा पसरली. बाईंनी जेवणं उरकून घेतली. सुनेची दुकानाची दुपारची पाळी होती, तिने फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं आणि कारण विचारल्यावर "घरी एकाचा रिपोर्ट यायचाय" असं म्हणाली, जे अगदीच खोटं नव्हतं.

दुपार कलताना दुसरा कागद बाहेर आला. तो हातात घ्यायला कुणी पुढे होईना. शेवटी सुनेने दोन्ही कागद उचलले, एकावर एक नीट जुळवले आणि खिडकीच्या काचेवर धरले. बाहेरचं ऊन कागदांतून आरपार आलं. दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट की ते' असं विचारण्यात तिचा जन्म चालला होता. तिने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, आणि एका जागी नख टेकवलं.

"इथे उजेड येतोय."

मग तिच्याखाली, पुढच्या पानात. मग त्याच्याही खाली. कार्डाच्या कागदात प्रत्येक देठातली एक काळी चौकट रिकामी होती, आणि म्हाताऱ्याने आपल्या सावकाश पद्धतीने ती दर वेळी भरली होती. बाईंनी भोंगेवाल्याचा स्वेटर आणून शेजारी धरला. टाक्याला टाका लागला. त्यांनी कागदाबरहुकूम विणलं होतं. कीडसुद्धा कागदाबरहुकूम विणली होती.

"आणि एवढा वेल कुरतडलेला तुम्हाला विणताना दिसला नाही?" भाऊजींनी विचारलं.

"दिसला असता तर डोकं घातल्यासारखं झालं असतं ना."

भाऊजींनी विषय कार्डाकडे नेला. आरोपी सापडला म्हणून लगेच फाशी द्यायची नाही, कुठल्या चिपचं काम आहे ते आधी ठरवू, असं त्यांचं म्हणणं. रिकाम्या चौकटींच्या जागेवरून संशय बसलेली चिप काढून तिची जागा शेजारणीला दिली आणि शेजारणीची हिला. कार्ड बसवलं, पुन्हा भोंगेवाला, पुन्हा प्रिंटरची किरकिर. आता देठ शाबूत होता, पण त्याला लागून असलेली चौकट रिकामी राहिली होती.

"बघा! हिला घर बदलून दिलं तर तिथेही जाऊन हेच करते. म्हणजे खोट घरात नाही, हिच्यात आहे." भाऊजींच्या सुरात अशा काही प्रत्यक्ष माणसांचा अनुभव डोकावला, पण त्यांनी नावं घेतली नाहीत. पेटीतल्या डबीतून जुन्या मेलेल्या कार्डाची एक चिप शोधून त्यांनी तिच्या जागी बसवली. भोंगेवाला तिसऱ्यांदा छापला. वेल या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत धडधाकट निघाला.

मग त्या घरात जरा गंमतच झाली. तिघंही एकदम बोलायला लागली. सून म्हणाली, मला वाटतच होतं. भाऊजी म्हणाले, मी आल्याबरोबर ओळखलं होतं. बाई म्हणाल्या, मशीन... आणि थांबल्या, कारण पुढचं वाक्य आता दुरुस्तीला टाकावं लागणार होतं.

"बँडमास्तरला काय सांगणार, वहिनी?"

"सांगेन, मशीन चुकलं. दोन्ही नवे विणून देते. तोवर त्या दोघांनी छातीपुढे भोंगा आणि ढोल धरावेत. नाहीतरी वेल दिसतो कुठे."

सून हसली. इतक्या मोकळेपणाने ती सासूसमोर क्वचित हसायची. "मी त्या दवाखान्यात फोन करते," ती म्हणाली. "सोमवारचं रद्द करून टाकते." ती फोन घेऊन खिडकीशी गेली.

बाई उसवायला स्वेटर गोळा करू लागल्या. पिशवीच्या तळाशी बासरीवालीचा होता. सकाळपासून तो कुणी बाहेर काढलाच नव्हता. त्यांनी तो मांडीवर पसरला. मांडीवर तो सगळा मावला.

एकच निळा टाका होता. देठात नव्हता, एका पानाच्या कडेला होता. खालच्या पानात तसा नव्हता, वरच्याही नव्हता. बाईंनी स्वेटर उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. बासरीवालीचं माप तीस. कार्डाच्या तळमजल्यावर मावणारं. कार्ड चुकलं होतं ते शिस्तीत, दर वेळी त्याच जागी, चुकण्यातसुद्धा कागदाला धरून. हा टाका कुठल्याच शिस्तीत बसत नव्हता. एका ओळीला एक सुई ओढायची राहिली होती, एवढंच. बाईंनी तो दिवस आठवून बघितला. दाराची बेल वाजली होती का, दूध उतू गेलं होतं का, कुणी हाक मारली होती का. काही आठवेना. नसेलही झालं काही.

भाऊजी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. दोष ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, हाही त्यांनी ओळखला. त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"वहिनी, टाका कार्डाच्याच नावावर. कोण बघतंय?"

"त्याला दोन खुनांसाठी धरलंय ते पुरे," बाई म्हणाल्या. "तिसरा त्याने केलेला नाही."

"अहो, एक टाका! सगळ्या बँडच्या स्वेटरांत मिळून एक! माणूस म्हटला की..."

"हो ना. मग माणसाच्याच नावावर राहू द्या."

भाऊजी पेटीचं झाकण उगाच उघडझाप करत राहिले. खिडकीशी सून बोलत होती. "हो, सोमवारची, सकाळची. नाही, आता गरज नाही, ती रद्द..."

"थांब गं," बाई म्हणाल्या. "रद्द करू नकोस."

सुनेने फोनवर तळवा ठेवला. "का? आई, कार्ड होतं ना ते! आपण बघितलं ना आत्ता!"

"कार्डाचं कार्डापाशी. जाऊन येऊ. सात सात वजा करत मी सोळापर्यंत आलेय, ती मेहनत कुठे घालवू?" त्यांनी बासरीवालीचा स्वेटर उचलून दाखवला नाही, पण लपवलाही नाही. तो मांडीवर होता तिथेच राहिला, आणि सुनेची नजर त्याच्यावर जायला वेळ लागला नाही. लांबून तो टाका दिसणं कठीण होतं. तरी तिची नजर त्या पानाच्या कडेशी येऊन थांबली.

"आणि त्यांना विचार," बाई म्हणाल्या, "विणकाम बरोबर आणलं तर चालेल का. मशीन नाही, साध्या सुया आणते. नक्षीचं घेईन, दोन रंगांचं."

"तिथे विणकाम कशाला?"

"मग काय मला रिकामी बसवून तपासणार?"

भाऊजी पेटीकडे बघत होते ते वर बघायला लागले. आपली गोष्ट या घरात कुणीतरी ऐकत होतं, हे त्यांना आजच कळत होतं.

सुनेने फोन पुन्हा कानाला लावला आणि विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, असं आजवर कुणी विचारलं नाही, डॉक्टरांना विचारून सांगते, जरा धरून ठेवा. सून धरून उभी राहिली. तोवर बाईंनी डब्यातून हिरव्या लोकरीचा तुकडा काढला, टोक ओठांत ओलं केलं, खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे सुई धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला.